यकृताच्या गाठीतलं आरएनए-डीएनए मोजायचंय? मग आधी भाजक ठरवा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी लॅबच्या मीटिंगमध्ये उभं राहून मी सांगितलं, की गाठीत निरोगी यकृतापेक्षा आरएनए जास्त आहे. एका बाजूला रॅटचा हेपॅटोमा, म्हणजे यकृताची गाठ, दुसऱ्या बाजूला कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या निरोगी रॅटचं यकृत. आलेख छान आला होता. मॅडमनी एकच विचारलं, "भागिले काय?" मी म्हटलं, "टिश्यूचं वजन. दर ग्रॅमला." "कंट्रोलचे रॅट उपाशी ठेवले होतेस?" नव्हते ठेवले. "मग तुझा ग्रॅम आणि ह्या गाठीचा ग्रॅम एकच आहे का?"

उत्तर कळायला मला दोन दिवस लागले. पोटभर खाल्लेल्या रॅटच्या यकृतात वजनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, आणि ते आपल्यासोबत त्याच्या दुपटी-तिपटीनं पाणी धरून बसतं. रात्रभर उपास घडला की हे जवळजवळ सगळं ओसरतं. गाठीत ग्लायकोजेन बहुधा कमीच असतं. म्हणजे मी कंट्रोलचं आरएनए साखर-पाण्याच्या वजनानं भागत होते आणि गाठीचं पेशींच्या वजनानं. सगळे रॅट पुन्हा, सगळ्या नळ्या पुन्हा.

त्यानंतर तीस वर्षं मी हेच शिकवत आले. एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडी नुकती सुरू केलेल्यांसाठी हे लिहिते आहे. प्राण्यांवर काम असेल तर संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी, माणसाची गाठ असेल तर नीतिसमिती आणि रुग्णाची लेखी संमती, हे हातात आल्याशिवाय पुढचं काहीच करायचं नाही.

तुलना कोणाशी

गाठीची तुलना स्वस्थ, न वाढणाऱ्या यकृताशी केली तर जो फरक दिसतो तो कर्करोगाचा की नुसत्या वाढीचा, हे सांगता येत नाही. वाढणारी कुठलीही पेशी डीएनए बनवतेच. म्हणून तिसरा गट हवा: पुन्हा वाढणारं यकृत. रॅटच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला की उरलेला भाग झपाट्यानं वाढतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया आजही तशीच करतात. साधारण २४ तासांनी डीएनए बनण्याचा वेग शिखरावर असतो, त्या वेळचं टिश्यू घ्या. गाठीत दिसलेला बदल इथेही दिसला, तर तो वाढीचा आहे. इथे नसेल आणि गाठीतच असेल, तर तिथे थांबून नीट बघा.

माणसाच्या बाबतीत आणखी एक अडचण. गाठीशेजारचा तुकडा 'नॉर्मल' म्हणून घेतात, पण यकृताच्या कर्करोगाच्या बऱ्याच रुग्णांना आधीपासून सिरॉसिस असतो. त्या तुकड्याला 'शेजारचं टिश्यू' एवढंच म्हणा. नॉर्मल हा शब्द वापरू नका.

पहिली मिनिटं

रक्तपुरवठा थांबला की यकृतातलं एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा न्यूक्लिओटाइड, काही मिनिटांत कोसळतं. ते एएमपीवर येतं, तिथून हायपोझँथिन आणि शेवटी युरिक अॅसिड. तुम्हाला असे न्यूक्लिओटाइड (आरएनए-डीएनए ज्यांचे बनतात ते सुटे घटक) मोजायचे असतील तर तुमचा प्रयोग इथेच ठरतो. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेल्या अॅल्युमिनियमच्या चपट्या चिमट्यात तुकडा दाबा. तो पातळ चकतीसारखा होतो आणि क्षणात गोठतो. नुसता नायट्रोजनमध्ये टाकला तर भोवती वायूचं आवरण तयार होतं आणि आतला भाग गार व्हायला वेळ लागतो.

ऑपरेशन थिएटरमधून गाठ येणार असेल तर आधी सर्जनना भेटा. यकृत कापताना रक्तस्राव कमी व्हावा म्हणून आत येणारा रक्तपुरवठा पुष्कळदा चिमट्यानं बंद करतात. म्हणजे तुकडा तुमच्या हातात पडण्याआधीच गुदमरलेला असू शकतो. चिमटा किती वाजता लागला, तुकडा किती वाजता गोठला, हे दोन आकडे सिस्टरकडून लिहून घ्या. मी डब्याच्या झाकणावरच पेन्सिलनं लिहायला लावते. शाई नायट्रोजनमध्ये पुसली जाते.

कुटताना खलबत्ता, चमचा, बाटली, सगळं आधीच गार हवं. नीट गोठलेलं यकृत कुटलं की कोरडी, फिकट विटकरी पूड होते. ती चमच्याला चिकटायला लागली तर वितळते आहे, लगेच नायट्रोजन ओता.

आम्ल आणि अल्कली

आरएनए-डीएनए वेगळं काढायला आजकाल सगळे तयार किट वापरतात, आणि आरएनएचा क्रम वाचायचा असेल तर तेच बरोबर. पण किटमधून किती आरएनए मिळालं आणि किती वाटेत सांडलं, हे कळत नाही. एकूण किती होतं हे हवं असेल तर १९४५ ची पद्धत अजून उपयोगी आहे. त्या वर्षी श्मिट आणि थानहाउझर यांनी अल्कलीची आणि श्नायडर यांनी गरम आम्लाची वाट दाखवली. मी दोन्हींची सांगड घालते.

पूड १० टक्के ट्रायक्लोरोअॅसिटिक अॅसिडमध्ये, बर्फावर. सुटे न्यूक्लिओटाइड आणि बरंचसं ग्लायकोजेन द्रवात जातं, आरएनए-डीएनए-प्रोटीन खाली बसतं. दोनदा धुवा. मग आल्कोहोल आणि ईथरनं चरबी काढा आणि ईथर पूर्ण उडू द्या. आता ०.३ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ३७ अंश, एक तास. आरएनएच्या साखरेवर एक जास्तीचा हायड्रॉक्सिल गट असतो. अल्कलीत तोच शेजारच्या फॉस्फेटवर चाल करतो आणि साखळी तुटते. डीएनएच्या साखरेवर तो नाही, म्हणून डीएनए शाबूत राहतं. मग गार पर्क्लोरिक अॅसिड घाला: डीएनए आणि प्रोटीन खाली, आरएनएचे तुकडे वर.

इथे दर वर्षी कोणीतरी आनंदानं नळी घेऊन येतं: "मॅडम, किती डीएनए आलं बघा!" नळीच्या तळाशी पांढरेशुभ्र, चमचमणारे खडे असतात. ते पोटॅशियम परक्लोरेट, बर्फावर विरघळत नाही म्हणून खाली बसतं. डीएनए-प्रोटीनचा थर त्याच्यात मिसळलेला, मळकट आणि फुगीर असतो. हा थर ०.५ नॉर्मल पर्क्लोरिकमध्ये ७० अंशांवर २० मिनिटं ठेवला की डीएनए द्रवात येतं. पर्क्लोरिकचं सगळं काम फ्यूम हूडमध्ये करा. ते आल्कोहोल-ईथरजवळ नेऊ नका आणि कुठे वाळू देऊ नका, कारण त्याचा स्फोट होऊ शकतो.

रंग

आरएनएला ऑर्सिनॉल, उकळत्या पाण्यात २० मिनिटं, हिरवा रंग, ६६५ नॅनोमीटर. डीएनएला बर्टन यांनी १९५६ मध्ये सुधारलेली डायफिनिलअमाइनची पद्धत: रात्रभर अंधारात, सकाळी निळा रंग, ६०० नॅनोमीटर.

ऑर्सिनॉलची नळी रंग मोजणाऱ्या यंत्रात घालण्याआधी डोळ्यांनी बघा. यीस्ट आरएनएच्या स्टँडर्डचा (तुलनेसाठी घेतलेल्या, मात्रा माहीत असलेल्या नमुन्याचा) हिरवा स्वच्छ असतो, कोवळ्या पानासारखा. तुमची नळी शेवाळी-तपकिरीकडे झुकत असेल तर ग्लायकोजेनची साखर आत राहिली आहे. यंत्र आकडा देईलच, पण तो खोटा असेल. स्टँडर्ड म्हणून नुसतं रायबोज वापरू नका. आरएनएत प्युरीन आणि पिरिमिडीन असे दोन प्रकारचे बेस असतात; त्यातल्या प्युरीनला जोडलेल्या रायबोजचाच रंग ह्या वेळात नीट येतो, पिरिमिडीनला जोडलेल्याचा फारसा नाही. स्टँडर्डही आरएनएच हवा, आणि त्याच अल्कलीतून गेलेला.

भाजक

ग्रॅम सोडला, मग कशानं भागायचं? डीएनएनं, असं पुस्तकं सांगतात. ते चांगलंच, पण यकृतात तिथेही पाय घसरतो. प्रौढ रॅटच्या बहुतेक यकृतपेशी टेट्राप्लॉइड असतात, म्हणजे एका पेशीत गुणसूत्रांचे दोन नाही, चार संच. गाठीतल्या पेशी डिप्लॉइड (दोन संचांच्या) असतील किंवा संच विस्कटलेले असतील. म्हणजे एक मिलिग्रॅम डीएनए मागे गाठीत जास्त पेशी येऊ शकतात. शिवाय डीएनए फक्त यकृतपेशींचं नसतं. संख्येनं बघितलं तर यकृतातल्या साधारण ६० टक्केच पेशी यकृतपेशी असतात. बाकी कुप्फर पेशी, रक्तवाहिन्यांचं अस्तर वगैरे.

माझा नियम असा: प्रत्येक आकडा तीन प्रकारे लिहायचा: दर ग्रॅमला, दर मिलिग्रॅम डीएनएला, दर मिलिग्रॅम प्रोटीनला. शक्य असेल तर केंद्रकं मोजून दर केंद्रकालाही. तिन्हीत फरक एकाच दिशेला असेल तरच निष्कर्षात घ्या. एकातच दिसला तर आधी तो भाजक तपासा.

लेबल आणि त्याची गळती

किती आहे हे मोजून झालं; किती नवं बनतंय हे बघायला लेबल लागतं, म्हणजे रेणूत बसवलेला किरणोत्सर्गी अणू. तो कुठे पोचला ते मोजायचं. ह्या विषयातलं मला सगळ्यात आवडणारं काम फिलाडेल्फियातलं आहे. १९५४ मध्ये रटमन, कँटॅरो आणि पॅशकिस यांनी दाखवलं, की असेटिलअमिनोफ्लुओरीन हे कर्करोगकारक रसायन खाऊ घातलेल्या रॅटचं यकृत, आणि त्यातून उपजलेली गाठ, निरोगी यकृतापेक्षा युरॅसिल (आरएनएचा एक घटक) जास्त वापरतात. हा धागा हायडेलबर्गर यांनी मॅडिसनमध्ये उचलला: गाठीला युरॅसिल हवंय ना, मग फ्लुओरीन लावलेलं द्या. १९५७ मध्ये ५-फ्लुओरोयुरॅसिल हे औषध जाहीर झालं. ते आजही वापरात आहे, यकृताच्या गाठीपेक्षा आतड्याच्या कर्करोगात कितीतरी जास्त.

पण निरोगी यकृत युरॅसिल कमी वापरतं, ते का? त्याला नको असतं म्हणून नाही, तर ते युरॅसिल मोडून टाकतं म्हणून. डायहायड्रोपिरिमिडीन डिहायड्रोजिनेझ ह्या एन्झाइमपासून सुरुवात होते, शेवटी बीटा-अॅलनीन, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड उरतात. युरॅसिलच्या दुसऱ्या कार्बनवर लेबल असेल तर ते थेट कार्बन डायऑक्साइडमध्ये निघून जातं. (शरीरात गेलेलं ५-फ्लुओरोयुरॅसिल बहुतांशी हेच एन्झाइम संपवतं. ज्यांच्यात ते कमी, त्यांना नेहमीचा डोसही जिवावर बेतू शकतो.) इंडियानापोलिसला जॉर्ज वेबर यांनी मॉरिस हेपॅटोमांवर (वेगवेगळ्या वेगानं वाढणाऱ्या रॅटच्या यकृतगाठींवर) वर्षानुवर्षं हेच तोलून बघितलं: गाठ जितकी वेगानं वाढणारी, तितकी बनवणारी एन्झाइमं वर आणि मोडणारी खाली. थायमिडीन (डीएनएचा एक घटक) डीएनएत किती गेलं आणि कार्बन डायऑक्साइड होऊन किती उडालं, यांचं गुणोत्तर त्यांच्या गटानं मांडलं.

म्हणून फक्त आरएनएतलं लेबल मोजू नका. टिश्यूच्या पातळ चकत्या रबरी बुचाच्या फ्लास्कमध्ये घ्या. मधल्या छोट्या वाटीत घडी घातलेला फिल्टर पेपर, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ३७ अंशांवर हलवत ठेवा. वेळ संपली की बुचातून सुईनं चकत्यांवर आम्ल सोडा, म्हणजे क्रिया थांबते आणि द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो. लगेच उघडू नका, आणखी एक तास हलवा. मग वाटीतला कागद किरणोत्सर्ग मोजणाऱ्या काउंटरच्या बाटलीत. अल्कलीमुळे बाटली स्वतःच उजळते आणि आकडा फुगतो, म्हणून बाटल्या रात्रभर अंधारात ठेवून सकाळी मोजा. समस्थानिक मागवण्याआधी अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो, त्याचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका.

आरएनए, डीएनए, सुटे न्यूक्लिओटाइड, वाटीतला कागद आणि फ्लास्कमध्ये उरलेला द्रव, सगळ्यांची बेरीज करा. ती तुम्ही घातलेल्या मात्रेच्या जवळ आली नाही, तर आधी बुचांची रबरं तपासा. सुईनं आठ-दहा वेळा टोचलेलं बूच गळतंच.