आधी दगड उलटा, मग मीटर काढा

माझं पहिलं ओढा-सर्वेक्षण ताम्हिणीच्या अंगाला झालं आणि त्याचा निष्कर्ष साफ चुकला. पीएच ७, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५०च्या खाली, विरघळलेला प्राणवायू भरपूर. वहीत ‘उत्तम’ लिहून मी मोकळी झाले. काठावर गुरं चारणारे एक मामा म्हणाले, “उत्तम कसलं बाई? दोन वरसं झाली, खेकडं दिसंना.” तेव्हा कुठे मी पाण्यात उतरून दगड उचलले. निम्मे मातीत रुतलेले! वर रस्त्यासाठी डोंगर कापला होता. पावसाळ्यात ती माती खाली आली आणि दगडांमधल्या फटी बुजल्या. फटी गेल्या, तिथे राहणारे जीवही गेले. मीटर त्या घटकेचं पाणी मोजतो. दगडाखालच्या कीटकांच्या अळ्या मात्र महिनोन् महिने तिथेच राहिलेल्या असतात.

म्हणून पाणलोटाच्या कामात येणाऱ्यांनी आधी या अळ्या ओळखायला शिकावं. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या दोन कीटकांच्या पाण्यातल्या अळ्यांत सगळेच गोंधळतात. ‘तीन शेपट्या मेफ्लाय, दोन शेपट्या स्टोनफ्लाय’ हे पाठांतर पुरत नाही, कारण काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात. भिंगाखाली पाय बघा: मेफ्लायच्या पायाला एक नखी, स्टोनफ्लायच्या दोन. शिवाय मेफ्लायचे कल्ले पोटाच्या कडेला असतात. लालभडक अळ्याच जास्त दिसल्या तर कान टवकारा. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात.

सापडलेल्या जिवांवरून ओढ्याला गुण देण्यासाठी ब्रिटनमधली बीएमडब्ल्यूपी पद्धत बऱ्याच ठिकाणी शिकवतात. जिवांच्या कुळागणिक १ ते १०, प्रदूषण न सोसणाऱ्या कुळाला जास्त. ती जशीच्या तशी सह्याद्रीला लावू नका. आपले कितीतरी ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात, त्यामुळे मे महिन्यातला कमी गुण म्हणजे प्रदूषणच असं नव्हे. मी स्वतः आकड्यापेक्षा तुलनेवर जास्त विसंबते: त्याच डोंगरातला, शक्यतो देवराईतून येणारा एखादा ओढा शोधायचा आणि त्याच्याशी आपला ताडून बघायचा. पण खळाळाची तुलना खळाळाशी आणि डोहाची डोहाशीच. हे न पाळल्यामुळे माझा एक अख्खा हंगाम वाया गेला, तो किस्सा पुन्हा कधी.

सामान फार लागत नाही. बारीक जाळी, पांढरा ट्रे, भिंग, ७० टक्के अल्कोहोलच्या बाटल्या. चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा आणि बाटलीच्या आत टाका. अल्कोहोलमध्ये पेनची शाई पसरते. पदवी प्राणिशास्त्राची की भूगोलाची, याने सुरुवातीला फारसं अडत नाही. पण १:५०,०००च्या नकाशावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बघून पाणलोटाची हद्द हाताने आखता आली पाहिजे. जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम, त्यानंतर.

सुरुवात पाऊस ओसरल्यावर, पाणी निवळलं की करा. त्याच जागी फेब्रुवारीत परत जा, आणि मे महिन्यात ओढा आटला असेल तरी जाच. उरलेल्या डबक्यांत कोण जमलंय ते बघा. उचललेला दगड मात्र दरवेळी होता तसाच पालथा ठेवा.