जुनी स्थानके, गिरण्या आणि घाटातील रेल्वे: छायाचित्रण कसे करावे

गिरणीचे, पुलाचे किंवा जुन्या स्थानकाचे छायाचित्र काढण्यापूर्वी ती वास्तू कोणत्या कामासाठी उभारली गेली, हे समजून घ्यावे. कॅमेरा कुठे ठेवायचा, याचा निर्णय बव्हंशी त्यावरच अवलंबून असतो. मुंबईच्या गिरणगावातील एखाद्या साचेखात्याचे, म्हणजे साच्यांवर (मागांवर) कापड विणण्याच्या विभागाचे, करवती छप्पर घ्या. त्याची काचेची बाजू उत्तरेकडे असते, त्यामुळे सुतावर थेट ऊन न येता साच्यांवर दिवसभर एकसारखा उजेड पडतो. साच्यांच्या हादऱ्यांमुळे हे खाते बहुधा जमिनीलगत एकमजली असे, तर सूतकताई बहुमजली इमारतीत चाले. हे ठाऊक असलेला छायाचित्रकार छपराचे दाते ज्या टोकाकडून स्पष्ट दिसतात त्या भिंतीसमोर उभा राहील, आणि आत जाण्याची परवानगी मिळाल्यास रिकाम्या जमिनीवर पसरलेला तो सौम्य, सावलीविरहित उजेडच टिपेल. चिमणीचेही तसेच आहे. एकटी चिमणी आकाशात उभी दाखवली तर ती केवळ एक उंच आकृती ठरते. तिच्या चौकटीत बॉयलरघर आणि पाण्याचा तलाव आला, तर वाफेवर चालणारी गिरणी पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. ही माहिती मिळवण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे परिसरातील निवृत्त गिरणी कामगारांशी बोलणे. कोणत्या इमारतीत कोणते खाते होते आणि भोंगा कुठे होता, हे ते बसल्या जागी सांगतात.

त्यानंतर उन्हाचा विचार करावा. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षातील बराचसा काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि उत्तराभिमुख भिंती सावलीत राहतात. मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत मात्र सूर्य पूर्वेच्या किंचित उत्तरेस उगवतो आणि पश्चिमेच्या किंचित उत्तरेस मावळतो, त्या दिवसांत अशा भिंतींवर सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरपे ऊन येते. पावसाळा त्यातील मोठा वाटा घेऊन जातो, म्हणून एप्रिल आणि मे हे महिने उत्तरेकडील दर्शनी भागांसाठी राखून ठेवावेत.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा दर्शनी भाग साधारण पश्चिमेकडे आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम पूर्ण होण्यास दहा वर्षे लागली, आणि २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सकाळी या इमारतीच्या मागून ऊन येते, त्यामुळे कमानी आणि शिल्पे काळवंडून एकजीव दिसतात. दुपारनंतर दर्शनी भाग उजळतो. त्यातही डिसेंबर आणि जानेवारीतील उतरते ऊन मला सर्वाधिक उपयुक्त वाटते, कारण सूर्य नैऋत्येला असल्याने प्रकाश दगडावरून घासत जातो आणि कोरीव पाने, मोर, माकडे यांच्या प्रत्येक कडेला बारीक सावली पडते. मार्चच्या सुमारास संध्याकाळचा प्रकाश बराचसा समोरून येतो. त्यात दगडाचा रंग छान उतरतो, परंतु कोरीवकाम सपाट दिसते. अगदी सूर्यास्तापर्यंत थांबू नये, कारण समोरच्या इमारतींची सावली त्याआधीच खालच्या मजल्यांवर चढू लागते.

संपूर्ण इमारत चौकटीत बसवण्यासाठी कॅमेरा वर झुकवला की मनोरे आणि घुमट मागे कलल्यासारखे दिसतात. वास्तूच्या नोंदीत हा दोष खपत नाही. त्यावर उपाय असा, की कॅमेरा पूर्णपणे समतल धरावा, शक्य तितके मागे जावे आणि चौकटीच्या खालच्या भागात रस्ता जास्त येत असला तरी तो येऊ द्यावा. नंतर तो कापून टाकता येतो. शिफ्ट लेन्स, म्हणजे कॅमेरा न झुकवता वर-खाली सरकवता येणारी लेन्स, असल्यास उत्तमच. ती नसल्यास संगणकावर उभ्या रेषा सरळ करता येतात, परंतु त्यात कडेचा भाग कापला जातो, म्हणून काढतानाच इमारतीभोवती भरपूर मोकळी जागा ठेवावी. परवानगी घेऊन समोरच्या एखाद्या इमारतीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून छायाचित्र काढता आले, तर रेषांचा प्रश्न मुळातच कमी होतो आणि घुमटाचा कळस डोळ्यांच्या पातळीच्या जवळ येतो. घुमटावरील प्रगतीची मूर्ती आणि प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह व वाघ यांच्यासाठी १०० ते २०० मिलिमीटरची लेन्स पदपथावरून पुरते.

सूर्यास्तानंतर इमारतीवरील दिवे आणि आकाशाचा निळा उजेड जेमतेम वीस-बावीस मिनिटे जुळून येतात, कारण आपल्याकडे संधिप्रकाश लवकर सरतो. तिपाई आधीच लावून, आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ ८ ठेवून, कमी-जास्त उजेडाच्या तीन चौकटी काढून ठेवाव्यात. फलाटावर आणि तिकीटघरात विजेचे दिवे ५० हर्ट्झवर चालतात, त्यामुळे वेगवान शटरने छायाचित्रात आडवे काळे पट्टे उमटण्याची शक्यता असते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा त्रास सहसा होत नाही. गर्दी टाळण्याचा अट्टहास धरू नये. आजही रोज लाखो माणसे वापरत असलेल्या स्थानकाचे रिकामे छायाचित्र त्या वास्तूविषयी अपुरे सांगते. शटर १/८ किंवा त्याहून संथ ठेवून पुसट झालेली गर्दी आणि तिच्यामागे स्थिर दगडी खांब असे चित्र मला अधिक खरे वाटते.

परवानगी आणि सुरक्षितता यांबाबत कोणतीही तडजोड करू नये. फलाटावर तिपाई लावायची असेल किंवा व्यावसायिक चित्रण करायचे असेल, तर रेल्वेच्या जनसंपर्क विभागाकडून लेखी परवानगी घ्यावी. रुळांवर उतरणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ नुसार अतिक्रमणाचा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. रुळांवरच्या विजेच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तारेला स्पर्श न होताही विजेचा धक्का बसू शकतो, म्हणून पादचारी पुलावरून सेल्फी स्टिक, मोनोपॉड किंवा छत्री तारांच्या दिशेने कधीही पुढे करू नये. बंद गिरणीत सुरक्षारक्षकाची नजर चुकवून शिरू नये; कुजलेले लाकडी मजले आणि गंजलेले पत्रे वरून शाबूत दिसतात. मुंबईत ड्रोन उडवण्यापूर्वी पोलिसांची परवानगी घ्यावी.

घाटातील रेल्वेचे छायाचित्रण वेगळ्या कारणाने अवघड आहे, कारण तिथे दाखवायची गोष्ट चढ ही असते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटाच्या मार्गावर चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे. सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचे १८५९ मध्ये निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी हे काम पुढे चालवले. हजारो मजुरांनी खोदलेला हा चढ रुंद कोनाच्या लेन्समध्ये सपाट रस्त्यासारखा दिसतो. तो जाणवण्यासाठी मार्गाच्या रेषेत पाहता येईल अशा सुरक्षित ठिकाणाहून लांब पल्ल्याची लेन्स वापरावी, कॅमेरा समतल ठेवावा आणि विजेचा एखादा उभा खांब चौकटीत घ्यावा. त्या खांबाच्या तुलनेत डब्यांचे कलणे डोळ्यांना कळते. कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून बँकर इंजिने, म्हणजे चढावर गाडीला रेटा देणारी जादा इंजिने, जोडली जातात. घाटाची गरज सांगणारे याहून चांगले दृश्य नाही, आणि ते फलाटावरूनच टिपता येते. नेरळ-माथेरान मार्गावर मात्र चढ २० मीटरला एक मीटर आहे आणि रुळांमधील अंतर केवळ ६१० मिलिमीटर, त्यामुळे तेथे एखादा माणूस रुळांजवळील अधिकृत जागेत उभा असताना काढलेले छायाचित्र सारे प्रमाण सांगून जाते. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज ही सेवा साधारणपणे बंद असते. पावसानंतरची, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील स्वच्छ हवा दोन्ही ठिकाणी उत्तम. एप्रिलपर्यंत दरीत धूसरपणा दाटतो.

नोंदीच्या कामात घाई करण्याचे कारण प्रत्यक्ष आहे. बोरघाटातील १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला, आणि मुंबईतील १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये. या पुलांची देखणी छायाचित्रे अनेकांकडे असतील, परंतु दगडांची सांधणी, कमानीची आतली बाजू, तुळयांवरील ओतीव अक्षरे आणि रिव्हेटच्या रांगा कितीजणांनी टिपल्या, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हणून प्रत्येक वास्तूची किमान एक फेरी केवळ नोंदीसाठी करावी. आधी चारही बाजूंनी सरळ, समोरून चौकटी घ्याव्यात, नंतर कोपऱ्यातून दोन बाजू एकत्र दिसतील अशा, आणि शेवटी तपशील. तपशिलाच्या शेजारी मोजपट्टी ठेवून एक छायाचित्र आणि ती काढून दुसरे घ्यावे. ओतीव अक्षरे समोरच्या प्रकाशात वाचता येत नाहीत. बाजूने धरलेल्या साध्या विजेरीच्या झोतात ती उठून दिसतात, आणि अशा प्रकारे अनेकदा तुळई ओतणाऱ्या कारखान्याचे नाव व वर्ष हाती लागते.

घरी परतल्यावर त्याच दिवशी मूळ रॉ फाइल्सच्या (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या छायाचित्रांच्या) दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती कराव्यात आणि प्रत्येक छायाचित्राच्या माहितीत वास्तूचे नाव, ठिकाण, तारीख आणि कॅमेऱ्याची दिशा लिहावी. ‘जुने स्टेशन, सुंदर संध्याकाळ’ असा मथळा पुढे कोणाच्याच उपयोगाचा नसतो. त्याऐवजी ‘भायखळा स्थानक, १८५७ ची इमारत, पश्चिमेकडील ओतीव लोखंडी खांब, ईशान्येकडे पाहताना’ अशी ओळ लिहावी, आणि निवृत्त कामगाराने एखाद्या खात्याविषयी सांगितलेली माहिती त्यांच्या संमतीने त्याच फाइलमध्ये जोडावी.