ठासणीच्या बंदुकीचं बूड साफ कसं करायचं

कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे, आणि नळी तोंडाकडून चकचकीत दिसली की झाली साफ असं लोक समजतात. खरी घाण बुडाशी, म्हणजे नळीच्या बंद टोकाशी बसते, जिथे नजर पोचतच नाही. बंदुकीच्या काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर क्षार होऊन उरतो, थोडा धुरातून जातो, बाकीचा नळीला चिकटतो आणि हवेतलं पाणी ओढून घेतो, मग आपल्याकडच्या दमट हवेत गंज धरायला कितीसा वेळ लागणार. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून आधी पाणी, तेल सगळ्यात शेवटी.

पण त्याच्याही आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. निपलवरची (बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडावरची) केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, काढा, नळीचं तोंड माणसांपासून लांब ठेवा, गज (ठासायची लांब सळई) तळापर्यंत सोडा, त्याच्यावर तोंडाशी खूण करा आणि ती खूण तोंडाशीच ठेवून गज नळीच्या बाहेरून धरा. टोक निपलच्या जवळपास यायला हवं, अलीकडेच थांबलं तर आत बार (भरलेली दारू आणि छर्रे) आहे असं समजा आणि पुढे काही करू नका, परवानाधारक कारागिराकडे न्या.

रिकामी असेल तर निपल त्याच्या चावीनेच काढा, पक्कड लावू नका. आमच्या बंदुकीचं निपल मी एकदा पकडीने फिरवायला गेलो तर कडाच झिजल्या, मग नवीन बसवून घ्यावं लागलं. घट्ट असेल तर आट्यांवर तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवा.

नळी लाकडी दस्त्यापासून सुटत असेल तर बुडाकडून कढत पाण्याच्या बादलीत उभी करा, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, आणि गजाला घट्ट चिंधी गुंडाळून पंपासारखा वरखाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत ओढलं जातं, काळंकुट्ट होऊन बाहेर येतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो दारूतल्या गंधकामुळे. पाणी बदलत राहा, स्वच्छ येईपर्यंत. तळाच्या कोपऱ्यातली खपली चिंधीने निघत नाही, तिथे बारीक ब्रश लागतो, आणि निपलच्या भोकातून मऊ तार फिरवायची, पण भोक कोरून मोठं करायचं नाही. मोठ्या भोकातून वायू उलटा येतो, केपेवर आपटणारा घोडा उचलला जातो, तोंडावर ठिणग्या येतात.

नळी गरम असतानाच कोरड्या चिंध्या फिरवा, मग हलकं तेल, आणि निपलच्या आट्यांनाही थोडं. दुसऱ्या दिवशी परत एक चिंधी घाला, तांबूस निघाली तर पुन्हा तेल. पुढच्या वेळी बार भरण्याआधी हे तेल पुसायला मात्र विसरू नका, नाहीतर दारू भिजते. बुडाचा स्क्रू स्वतः उघडू नका, तिथला कुठलाही बदल परवानाधारक कारागिराकडूनच.

निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, तेव्हाही तशीच काळी देऊ नका, आदल्या दिवशी हे सगळं करून तेल लावून द्या.