रांगत्या बाळाआधी घरभर आपण रांगावे

घरात लहान मूल असले की ‘आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो’ असे सगळेच सांगतात, आणि ते खोटे नसते. पण दूध उतू जाते, दारावरची घंटा वाजते, फोन येतो, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात मूल पलंगाच्या काठाशी पोहोचलेले असते. म्हणून लक्ष ठेवण्यावर सगळी भिस्त न टाकता घरातल्या वस्तूंचीच व्यवस्था बदलावी, आणि ती मुलाला नवी हालचाल जमण्याआधी बदलावी. मुले साधारण चौथ्या महिन्याच्या सुमारास पालथी होऊ लागतात, सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान रांगतात आणि वर्षाच्या आगेमागे पावले टाकतात. यांपैकी प्रत्येक टप्प्याची तयारी महिनाभर आधी झालेली असली, तर ऐनवेळी धावपळ होत नाही.

तयारीची सुरुवात करण्यासाठी एक दुपार मोकळी काढून स्वतः हातागुडघ्यांवर घरभर रांगावे. हा सल्ला प्रथम ऐकला तेव्हा मला हसू आले होते. प्रत्यक्षात रांगल्यावर सोफ्याखाली कानातल्याची फिरकी, एक नाणे आणि पेनाचे टोपण सापडले, आणि इस्त्रीची वायर टेबलावरून नेमकी बाळाच्या हाताशी येईल अशी लोंबत असल्याचे दिसले, जे उभ्याने कधीच लक्षात आले नव्हते. सापडलेली वस्तू घशात अडकण्याजोगी आहे का, हे पाहण्यासाठी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरावी. जी वस्तू नळीतून आरपार जाते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या हाती लागू देऊ नये.

या छोट्या वस्तूंमध्ये मी सर्वांत जास्त भितो ते बटण सेलला. रिमोट, वजनकाटा, आवाज करणारी खेळणी, संगीत वाजवणारी शुभेच्छापत्रे अशा कितीतरी ठिकाणी ही चपटी चकती असते, आणि सुमारे २० मिलिमीटर व्यासाचा लिथियम सेल मुलाच्या अन्ननलिकेत सहज अडकतो. तिथल्या ओलाव्यामुळे सेलचे मंडल पूर्ण होऊन वीज वाहू लागते, ऋण टोकाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीररीत्या भाजू शकते. उपकरण चालवण्याची ताकद संपलेल्या सेलमध्येही एवढी इजा करण्याइतका विजेचा दाब शिल्लक असतो, त्यामुळे जुना सेल काढून टेबलावर ठेवणे हे नव्याइतकेच धोक्याचे आहे. ज्यांचे झाकण स्क्रूने बंद होते अशीच उपकरणे मुलाच्या आसपास ठेवावीत, काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ताबडतोब मुलाच्या आवाक्याबाहेर ठेवावा, आणि मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी न करवता थेट रुग्णालय गाठून एक्स-रे काढून घ्यावा. लाळ गळणे, खोकला, जेवण नाकारणे अशी लक्षणे साध्या सर्दीसारखी भासतात, म्हणून लक्षणांची वाट पाहत बसू नये.

न्हाणीघरातली भरलेली बादली दिसायला निरुपद्रवी असते. मात्र वर्षा-दीड वर्षाच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीच्या काठावरून वाकले की डोक्यावर आत जाते, बादली कलंडत नाही आणि मुलाला स्वतःला वर ओढण्याइतके बळ हातांत नसते. बुडण्यासाठी पाच सेंटिमीटर पाणीही पुरते, आणि बहुतेकदा आरडाओरड होत नाही. काम झाले की बादली आणि टब रिकामे करून पालथे घालावेत, साठवणीच्या पाण्यावर मुलाला हलवता येणार नाही असे झाकण असावे, आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी बसवून घ्यावी.

पाण्याचा दुसरा धोका चटक्याचा आहे. ६० अंश सेल्सिअसचे पाणी काही सेकंदांत खोल भाजते, तर ५० अंशांच्या आसपास तेवढी इजा होण्यास मिनिटे लागतात. म्हणून गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांपेक्षा वर ठेवू नये, आणि आंघोळीसाठी आधी थंड पाणी घेऊन मग त्यात गरम मिसळावे. मूल मांडीवर असताना गरम पेय पिणे टाळावे आणि भांड्यांचे दांडे शेगडीवर आतल्या बाजूला वळवावेत. भाजलेच तर २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. बर्फ किंवा टूथपेस्ट लावू नये.

उभे राहू लागलेले मूल कपाटाचे उघडे खण पायऱ्यांसारखे वापरते, म्हणून उंच कपाटे आणि टीव्ही भिंतीला पट्टीने जखडून टाकावेत. खिडकीखाली पलंग किंवा खुर्ची ठेवू नये, आणि डासांची जाळी मुलाचे वजन पेलते असे कधीही गृहीत धरू नये. पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचा फास बसू शकतो. त्या काढून टाकाव्यात किंवा उंचावर गुंडाळाव्यात. जिन्याच्या वरच्या टोकाला नुसते दाबून बसवलेले फाटक चालत नाही, तिथे भिंतीत स्क्रूने बसवलेलेच हवे. विजेसाठी, गळती ३० मिलिअँपिअरला पोहोचताच प्रवाह तोडणारा संरक्षक स्विच बसवावा. वॉकरबद्दल माझे मत सरळ आहे: आणू नये. त्यामुळे मूल लवकर चालत नाही, उलट क्षणात जिन्यापर्यंत पोहोचते. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

झोपेबाबत नियम थोडके आहेत. पहिले वर्षभर बाळाला पाठीवर, टणक आणि सपाट गादीवर झोपवावे, आणि अंथरुणात उशी, मऊ खेळणे किंवा जाड पांघरूण नसावे. पाळण्याच्या दांड्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त असू नये.

औषधे, फिनाइल आणि रॉकेल मूळ डब्यांतच ठेवावे. पाण्याच्या बाटलीत ओतलेले रॉकेल मुलाला पाणीच वाटते, आणि ते पोटात गेल्यास उलटी करवल्याने फुप्फुसांत जाण्याची भीती असते. ‘मुलांना न उघडणारे’ म्हणून मिळणारे झाकण मुलाला फक्त थोडा वेळ थोपवते. वरच्या फळीवर ठेवलेली औषधे रांगत्या मुलापासून सुरक्षित असतात. पण ज्या दिवशी मूल स्टूल फरशीवरून ओढत ओट्याकडे नेताना दिसेल, त्याच दिवशी ती कुलपात हलवावीत.