जुना लाकडाचा लेथ: घेताना काय तपासायचं, घरी आणल्यावर काय करायचं

जुन्या लेथचा (लाकूड फिरवून गोल कोरायच्या यंत्राचा) रंग आणि गंज बघून भाव ठरवू नका. मोटर, पट्टा, बेअरिंग, टूल रेस्ट (पटाशी टेकवायचा आधार) हे सगळं पुण्यात मिळतं किंवा करून घेता येतं. वाकलेला स्पिंडल (लाकूड फिरवणारा मुख्य दांडा) किंवा तडकलेलं बीड (ओतीव लोखंडाचा सांगाडा) असेल, तर मात्र लेथ फुकट मिळाला तरी महाग पडतो.

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी फिरलात तर सेंटर (लाकूड दोन टोकांना धरणारे टोकदार भाग), पटाशा असा सुटा माल हाती लागू शकतो. अख्ख्या लेथसाठी भोसरी-पिंपरीकडे जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करा. जाताना छोटी हातोडी, टॉर्च, चुंबकी स्टँडसह डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) आणि दोन नंबर मोर्स टेपरची (ठरावीक मापाच्या निमुळत्या बुडाची) दोन सेंटरं न्या.

बिडावर हातोडीने हलकेच ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर तिथे टॉर्च मारून तडा शोधा. हेडस्टॉकच्या (स्पिंडल धरणाऱ्या डोक्याच्या) बोल्टांजवळ जास्त बघा. वेल्डिंगचा डाग असेल तर सोडून द्या, कारण बिडाचं वेल्डिंग नीट तापवून केलं नसेल तर शेजारीच पुन्हा तडकतं.

मग स्पिंडल. पट्टा काढा, डायल गेजचं टोक स्पिंडलच्या तोंडाशी असलेल्या निमुळत्या भोकाच्या (टेपरच्या) आतल्या भिंतीला टेकवा आणि हाताने सावकाश फिरवा. ०.०५ मिमीपर्यंतचा फरक लाकडाला चालतो. त्याहून जास्त असेल तर न फिरवता स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून उचलून बघा. सुई हलली तर बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे, ती बदलली की काम होतं. उचलताना सुई हलत नाही, पण दर फेऱ्याला एकदा वर जाऊन खाली येते, तर स्पिंडल वाकलेला समजा.

दोन्ही सेंटरं बसवून टेलस्टॉक (समोरचा सरकणारा भाग) पुढे आणा. टोकाला टोक भिडलं पाहिजे. बाजूला सरकलेलं असेल तर बहुतेक वेळा हेडस्टॉकचे बोल्ट सैल करून जुळवता येतं. उंचीत फरक असेल तर जो ठेंगणा, त्याच्याखाली पातळ पत्र्याची शिम घाला. स्पिंडलचे आटे पिच गेजने (आट्यांमधलं अंतर मोजायच्या पट्ट्यांनी) मोजून लिहून घ्या. जुन्या मशिनवर बहुतेकदा इंची आटे असतात आणि आजचा चक (लाकूड पकडायचा जबडा) थेट बसेलच असं नाही. तसं असेल तर टर्नरकडून अॅडॉप्टर करून घ्यावा लागतो.

घरी आणल्यावर आधी बेअरिंग. नंबर कडेवर कोरलेला असतो: ६२०५ म्हणजे आतला व्यास २५, बाहेरचा ५२, रुंदी १५ मिमी. दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं घ्या. पत्र्याच्या शील्डमधून (झाकणातून) लाकडाचा बारीक भुसा आत जातो आणि ग्रीसची लापशी होते. स्पिंडलवर बसवताना दाब फक्त आतल्या रिंगवर द्या, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या. उलट केलंत तर जोर गोळ्यांमधून जातो, रेसवर (गोळ्या फिरतात त्या खाचेवर) खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असं असेल तर लगेच रीवाइंडिंगला टाकू नका. सिंगल फेज मोटरमध्ये कपॅसिटर मेलेला असतो किंवा सेंट्रिफ्युगल स्विचमध्ये (मोटर वेगात आली की आपोआप उघडणाऱ्या स्विचमध्ये) भुसा अडकलेला असतो. वीज तोडून कपॅसिटर डिस्चार्ज करा, मगच आत हात घाला. नवीन घ्यायची असेल तर बंद बॉडीची, १४४० आरपीएम, १ एचपी पुरते. अर्थिंग मोटरला आणि बेडलाही (लेथच्या लांब पायालाही) द्या.

मोटरवर ३ इंची आणि स्पिंडलवर ६ इंची पुली म्हणजे मिनिटाला ७२० फेरे. वाटीचा ८ इंची ओबडधोबड ठोकळा याच्याही खाली, ५०० च्या आसपास सुरू करा.

बेडवरचा गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने काढा, ग्राइंडरची चकती लावू नका. तेल लावून ठेवलं तर त्यावर भुसा चिकटून ओल धरतो आणि पावसाळ्यात खाली डाग पडतात. त्याऐवजी पेस्ट वॅक्स लावा. टेलस्टॉकही हलका सरकतो.