शेंगदाण्याच्या पेंडीची फिल्म, घरच्या घरी

सोलापुरात होटगी रोडला आमचा लाकडी घाणा आहे. तेल विकलं जातं, पेंड म्हशींच्या वाट्याला. त्यातली 100 ग्रॅम बाजूला काढलीत तर म्हशी काही रुसणार नाहीत. पेंडीत निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं, आणि त्याची प्लास्टिकच्या कागदासारखी पातळ फिल्म ओतता येते.

पेंड ताजीच घ्या. बुरशी दिसली तर ती फेकायची, जनावरालासुद्धा घालायची नाही. बारीक दळा, चाळा, 1 लिटर फिल्टरच्या पाण्यात कालवा. धुण्याचा सोडा चिमटीचिमटीने घालत पीएच 9 वर आणा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: 7 च्या खाली आंबट, वर सोड्याकडे. तो मोजायच्या पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतात. तासभर ढवळून मलमलीतून गाळा आणि गाळलेलं पाणी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घाण्याच्या पेंडीत तेल राहतंच, ते वर येतं. काढून टाका.

आता व्हिनेगर, थेंबाथेंबाने. सोड्यामुळे फेस चढतो, म्हणून पातेलं मोठं हवं. पीएच 5 च्या खाली उतरला की दूध फाटावं तसं सगळं फाटतं. 4.5 ला हात आवरा. तिथे प्रथिनाच्या कणांवरचे विद्युतभार एकमेकांना फेडतात, कण एकमेकांना ढकलत नाहीत आणि तळाला बसतात. आणखी आंबट केलंत तर बसलेलं परत विरघळू लागतं.

वरचं पाणी ओतून टाका, तळाला बसलेला गोळा एकदा धुवा. चमचाभर गोळा वाळवून त्यात कोरडं किती निघतं ते पाहा, कारण पुढचं माप कोरड्यावर आहे: 5 ग्रॅम प्रथिनाला 100 मिली पाणी, 2 ग्रॅम ग्लिसरीन. ग्लिसरीनमध्ये काटकसर केली की फिल्म कडकड मोडते. सढळ झालात तर चिकटते. सोड्याने पीएच परत 9 करा, 80 अंशांवर अर्धा तास तापवा, ॲक्रिलिकच्या सपाट पत्र्यावर 2-3 मिलिमीटर ओता. आपल्याकडच्या उन्हात ठेवू नका, कडा आधी वाळून वळतात. सावलीत, वर पातळ फडकं. वाळली की कडेने ब्लेड फिरवून सोलायची.

तेल ही फिल्म चांगलं अडवते, पाणी नाही. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने भुईमुगाच्या प्रथिनाचा 'आर्डिल' धागा काढला होता, लोकरीत मिसळायला. तोही ओला झाला की कमजोर पडायचा. 1957 मध्ये बंद झाला. म्हणून मी यात बी गुंडाळून कुंडीत पुरतो, तिथे विरघळलेलीच बरी. चटणी मात्र बांधू नका. तपासणी न झालेल्या वेष्टनात खाण्याचं काही जाऊ नये, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला हीसुद्धा बाधेल.