रात्रीची गोळी आणि दारू: अंतर ठेवून धोका का टळत नाही

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्या मेंदूला मंद करतात आणि दारूही तेच करते. दोन्ही रक्तात एकाच वेळी असल्या की श्वास चालवणारे केंद्र सुस्तावते. एरवी पचणारी गोळी आणि एरवी पचणारे दोन पेग एकाच रात्री जिवावर बेतू शकतात. त्यात ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक किंवा कोडीनचे खोकल्याचे औषध आले, तर धोका फारच वाढतो.

‘मी तीन-चार तास जाऊ देतो’ असे अनेक जण सांगतात. हिशोब करून पाहा. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. रात्री आठला बसून ६० मिलीचे तीन पेग घेतले, तर ६० ग्रॅम झाले. ते संपायला पहाटेचे दोन ते साडेचार वाजतात. गोळीचे गणित तर याहून लांबते: क्लोनाझेपाम निम्मे उतरायलाच ३० ते ४० तास लागतात. म्हणून गोळी चालू आहे तोवर दारू पूर्ण बंद, हाच एक सुरक्षित नियम. मात्र पार्टी आहे म्हणून रोजची गोळी अचानक सोडू नका, फिट येऊ शकते. रोज पिणाऱ्यानेही दारू एकदम न तोडता आधी डॉक्टरांशी बोलावे.

न कळत होणारी भेसळ वेगळीच. सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामाइन आणि नसांच्या दुखण्यावरचे प्रिगाबालिन गुंगी वाढवतात. बुरशीवरचे इट्राकोनाझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक अल्प्राझोलामचे रक्तातले प्रमाण चढवते. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना सगळ्या स्ट्रिप सोबत न्या, आणि कंपनीचे नाव नव्हे, त्याखाली लिहिलेला घटक वाचा. वयस्क माणसे, दमेकरी आणि झोपेत श्वास अडकणारे यांना कमी मात्राही भारी पडते. कॉफी किंवा एनर्जी ड्रिंकने डोळे उघडे राहतात, श्वास सुधारत नाही.

कोणी असे पिऊन, गोळी घेऊन झोपले आणि मोठ्याने घोरू लागले, तर ‘झोपू दे’ म्हणू नका. हाक मारा, खांदे हलवा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरे घासा. जाग येत नसेल, श्वास मिनिटाला दहाच्या खाली असेल, घशात घरघर असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच १०८ लावा. श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा वाकवा, हनुवटी थोडी वर करा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. मिठाचे पाणी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ, उलटी काढायला लावणे: यातले काहीही नको. एकटे सोडू नका. श्वास थांबलाच, तर छातीच्या मध्यावर ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा.

रिकाम्या स्ट्रिप आणि बाटली रुग्णालयात न्या, काय आणि किती वाजता घेतले ते लपवू नका. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध ट्रॅमाडॉल-कोडीनसारख्या औषधांवर चालते, झोपेच्या गोळीवर किंवा दारूवर नाही, त्यामुळे खरी माहितीच उपचार ठरवते. कोणी मुद्दाम घेतले असेल, तर तेही सांगा. माणूस सावरल्यावर बोलायला १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.